मार्चमधलं रान : कास ते चांदोली, पाच दिवस

पहिला दिवस : सातारा – कास – बामणोली

“आभाळातनं सगळं दिसतंय म्हणतीस, मग उन्हातान्हाचं तिथं मरायला कशाला जायचं?” डब्यात भाकरी आणि खर्डा बांधता बांधता आईनं विचारलं. बारा वर्षं मी हे काम करतेय आणि बारा वर्षं ती हेच विचारतेय. उपग्रहाच्या प्रतिमांवरून जंगलाचे नकाशे करायचे, रान कुठं दाट, कुठं विरळ, वणवा कुठनं शिरेल, त्याला अडवायची जाळरेषा कुठं काढायची, पाणवठा कुठला आटतो, हे सगळं वनखात्याच्या आराखड्यासाठी कागदावर आणायचं, अशी माझी नोकरी. करार अकरा महिन्यांचा. बारावा महिना धाकधुकीचा. नकाशा संगणकावर होतो, पण तो बरोबर आला की नाही हे बघायला पायच लागतात. हे आईला सांगून झालंय. तिला पटत नाही.

या खेपेला नकाशावरचे सव्वाशे ठिपके तपासायचे होते. सोबत माझा सहकारी, मूळचा यवतमाळचा, सागाच्या जंगलात वाढलेला. त्याला मी इथं यवतमाळकरच म्हणते. जीपमध्ये दोन जीपीएस, पन्नास मीटरची टेप, गाठी मारलेली नायलॉनची दोरी, उतार मोजायचं क्लिनोमीटर, टॅब, आणि टॅब मरणार हे गृहीत धरून छापून घेतलेले कागद. वनरक्षकांसाठी राजवाड्याजवळून घेतलेले कंदी पेढे. हा शेवटचा ऐवज कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही, पण त्याच्याशिवाय मी कधी निघालेली नाही.

कासच्या वाटेवर चहाला थांबलो तेव्हा टपरीवाल्या काकांनी बॉनेटवर पसरलेला कागद बघून विचारलं, “हे रगत सांडल्यागत काय हाय?” बरोबर विचारलं. आमच्या प्रतिमेत झाडं लाल दिसतात. पान हिरवा प्रकाश थोडासाच परत पाठवतं. त्याहून कितीतरी जास्त परत पाठवतं ते डोळ्याला न दिसणारं, लालच्या पलीकडचं किरण, म्हणजे निकट अवरक्त. उपग्रहाला ते दिसतं. पडद्यावर दाखवायला त्याला काहीतरी रंग द्यायलाच हवा म्हणून लाल देतात. जितकं रसरशीत पान, तितका भडक लाल.

आता या कागदावर मार्चमधला सातारा बघा. पूर्वेला कृष्णाकाठ, कऱ्हाडपासून वाळव्यापर्यंत, नुसता पेटलाय. पश्चिमेला सह्याद्रीवर मळका तपकिरी-लाल. आणि कासचं पठार फिकट, राखाडी-निळसर, जवळजवळ मेलेलं. नवख्या माणसाच्या हातात दिला तर तो उसाला जंगल म्हणेल आणि कासला वाळवंट. गंमत म्हणजे नवखं सॉफ्टवेअरही हेच म्हणतं.

कासला पोचलो तर पठारावर आमच्याशिवाय तिथला वनरक्षक आणि चार म्हशी. कास आणि कोयना अभयारण्य, चांदोली, राधानगरी ही महाराष्ट्रातली चार ठिकाणं २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. सप्टेंबरात इथं गाड्या लावायला जागा नसते. मार्चमध्ये जांभा दगड काळा पडलेला, गवत वाळून पायाखाली करकरतंय. पहिला ठिपका इथला. माझ्या नकाशावर त्याच्यापुढं लिहिलेलं : ‘ओसाड, खडकाळ’.

वनरक्षक गुडघ्यावर बसला आणि दगडातल्या एका खळग्यात बोट घातलं. खळगा परातीएवढा, आत तीन बोटं माती, वर वाळल्या गवताची जाळी. त्यानं जाळी बाजूला करून नखानं माती उकरली तर खाली हरभऱ्याएवढे दोन कंद. “हे आता झोपल्यात,” तो म्हणाला. “मृगाचा पाऊस पडला की उठत्यात.” माती परत नीट दाबून बसवली त्यानं.

उपग्रह जूनपासून सप्टेंबरपर्यंतही इथून जातो, दर पाच दिवसांनी जातो. पण त्या चार महिन्यांत त्याला खाली ढग दिसतात. कासवरची सप्टेंबरातली स्वच्छ प्रतिमा मी बोटावर मोजण्याइतक्या वेळा पाहिलीय. ढगांच्या आरपार बघणारा रडार-उपग्रह असतो, सेंटिनेल-१ सारखा. त्याला ओल आणि खडबडीतपणा कळतो, सोनकी आणि तेरडा कळत नाही. म्हणून सगळे नकाशे होतात डिसेंबर ते एप्रिलमध्ये. म्हणजे पठाराचा फोटो काढायचा तो नेमका ते झोपलेलं असताना, आणि मग लिहायचं ‘ओसाड’. असं लिहिलेल्या जमिनीवर उद्या काहीही उभं करायचा प्रस्ताव आला तर कागद कुणाच्या बाजूनं बोलणार, हे सांगायला नको.

रात्री बामणोलीत मुक्काम. शिवसागराचं, म्हणजे कोयनेच्या जलाशयाचं, पाणी खाली गेलेलं, काठाला लाल चिखलाच्या पायऱ्या.

दुसरा दिवस : बामणोली – मेट इंदवली – वासोट्याचं रान

सकाळी सातला लाँच. परवानगीचं पत्र दोनदा तपासलं गेलं, प्लास्टिकच्या बाटल्या मोजून घेतल्या. मग दीडेक तास पाण्यावर. कोयनेचा हा जलाशय १०५.२५ टीएमसीचा, आणि त्याच्या पोटात गावं. लाँचवाले दादा हात करून सांगत होते, इथं अमुक गाव होतं, तिथं देऊळ. नकाशावर तिथं फक्त निळा रंग.

सोबत आलेले हंगामी वनमजूर मामा साठीचे. धरणाच्या पाण्यानं त्यांच्या घरच्यांना आधी वर ढकललं आणि अभयारण्य झाल्यावर, म्हणजे १९८५ नंतर, तिथूनही खाली आणलं. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात नाही, वाट सांगावी तसं सांगितलं. कोयना आणि चांदोली एकत्र करून २०१० च्या जानेवारीत सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला; सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत मिळून १,१६५ चौरस किलोमीटर, त्यातला ६०० गाभा. मामा यातल्या कितीतरी भागाचे पाण्याचे झरे तोंडपाठ सांगतात.

मेट इंदवलीला उतरून वर शिरलो आणि अर्ध्या तासात दोन्ही जीपीएसची आपसांत भांडणं सुरू झाली. दाट फांद्यांखाली आणि अरुंद घळीत यंत्राला पुरेसे उपग्रह दिसत नाहीत; एक म्हणे आपण ओढ्याच्या या अंगाला, दुसरं म्हणे त्या. प्रतिमेतला एक चौकोन दहा मीटरचा, आणि यंत्राची चूकच दहा-पंधरा मीटरची. म्हणून ठिपका रानाच्या कडेला कधी घ्यायचा नाही, चांगला आत शिरून घ्यायचा, चूक झाली तरी रानातच राहते. हे मला कुणी शिकवलं नाही. एका वर्षाचं काम फुकट गेल्यावर कळलं.

फुकट गेल्याची गोष्ट निघालीच आहे तर खरी मोठी चूक सांगते. नवीन होते. भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना स्थलदर्शक नकाशा, ४७ जी मालिकेतला, स्कॅन करून त्यावरून प्लॉट, म्हणजे झाडं मोजायचे चौकोन, टाकले होते. तो जुना नकाशा एव्हरेस्ट म्हणून जे पृथ्वीचं माप आहे त्यावर बेतलेला. जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस-८४ वर. दोन्हींत पृथ्वीचा आकारच वेगळा धरलेला. एकातले आकडे तसेच दुसऱ्यात टाकले की सगळं जग बाजूला सरकतं. मी तसेच टाकले. अशाच एका लाँचमध्ये उभी राहून मी चार माणसांना पूर्ण आत्मविश्वासानं सांगत होते, “प्लॉट इथंच आहे.” खाली पाणी. लाँचवाल्यानं विचारलं, “मग नांगर टाकू का?” ते वाक्य अजून माझ्या मागं आहे.

असो. प्लॉट मांडायची रीत मात्र मला आवडते. एक दशांश हेक्टरचा चौकोन, बाजू ३१.६२ मीटर. दाट रानात बाजू मोजत बसलात तर दिवस जातो. त्याऐवजी मध्ये खुंटी ठोकायची आणि ईशान्य, आग्नेय, नैऋत्य, वायव्य अशा चार कोपऱ्यांना २२.३६ मीटरची दोरी ताणायची. आमच्या दोरीला तिथं लाल चिंधीची गाठ आहे. उतार असला की दोरी जास्त सोडायची, कारण उपग्रह वरून बघतो, त्याला उताराची लांबी कळत नाही. मग चौकोनातल्या प्रत्येक झाडाचा छातीएवढ्या उंचीवर, १.३७ मीटरवर घेर. यवतमाळकर टेप लावणार, मामा नाव सांगणार, मी लिहिणार.

“अंजनी. अंजनी. जांभळ. पिसा. अंजनी. ह्यो गेळा. ही परत अंजनी.”

“ताई, इकडचं जंगल एवढं बुटकं काऊन हाये?” यवतमाळकरानं चौथ्या प्लॉटला विचारलं. त्याच्याकडं सागाचे खांब सरळ वर जातात. इथं माथ्यावर पावसाळी वारा झाडाला वाढू देत नाही, फांद्या वाकड्या होत एकमेकांत गुंततात आणि वर ताटलीसारखं सपाट छत होतं. आरशाच्या तुकड्यात छत बघितलं तर आभाळ फारच थोडं. सत्तर टक्क्यांच्या वर छत असलं की आमच्या भाषेत ‘अतिदाट’, चाळीस ते सत्तर ‘मध्यम’, दहा ते चाळीस ‘खुलं’, आणि दहाच्या खाली झुडपी.

पाचव्या प्लॉटला मामा थांबले आणि बोट केलं. अंजनीला बहर आला होता. अंजनीचं फूल पानाच्या टोकाला येत नाही, जुन्या फांदीच्या सालीतनंच फुटतं. बोटाएवढ्या जाड फांदीला कुणी जांभळ्या-निळ्या लोकरीचे गोंडे एकाला एक लावून शिवावेत तसं. जवळ गेलं की मधमाश्यांचा आवाज फांदीतनंच येतोय असं वाटतं. एकेक फूल ज्वारीच्या दाण्याएवढं, आणि अख्खी फांदी निळी. वरून यातलं काही दिसत नाही. वर तेच गडद हिरवं ताट. सातशे-आठशे किलोमीटर उंचीवरून येणाऱ्या प्रतिमेच्या आणि या फांदीच्या मध्ये एवढंच : एक थर पानांचा.

दुपारी वासोट्यावर गेलो ते केवळ एका शंकेपोटी. आमच्या पहिल्या नकाशात किल्ल्याच्या पश्चिमेला एक लांबट तळं आलं होतं. तिथं तळं नाही हे सातारच्या शाळेतलं पोरगंही सांगेल. तिथं बाबूकडा आहे, सरळ कोकणाच्या बाजूला तुटलेला. झालं असं की हे उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास जातात. तेव्हा ऊन पूर्व-आग्नेयेकडून, आणि कोकणाकडं तोंड केलेला प्रत्येक कडा स्वतःच्याच सावलीत. डिसेंबरच्या प्रतिमेत तर पार काळा. काळं म्हणजे पाणी, असा सॉफ्टवेअरचा हिशोब. कड्याच्या टोकाला पालथं पडून यवतमाळकरानं खाली बघितलं आणि वहीत लिहिलं : ‘तलाव नाही. खात्री केली.’

परतताना लाँचमध्ये बसून सगळ्यांनी अंगावरचे गोचीड वेचले. मार्चमधल्या रानाचा हा प्रसाद.

तिसरा दिवस : बामणोली – सातारा – उंब्रज – पाटण – कोयनानगर

नुसता प्रवास. साताऱ्यात खाली येऊन उंब्रज, मल्हारपेठ, पाटण. उंब्रजच्या अलीकडं ऊस तोडलेल्या रानात पाचट जळत होतं, रस्त्यावर काळी फुलपाखरं उडावीत तशी राख. माझ्या फोनवर आगीचे ठिपके येतात. आज जिल्हाभर आलेले बहुतेक सगळे या पट्ट्यातले.

महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. उपग्रहावरचा व्हीआयआयआरएस नावाचा संवेदक दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आगेमागे जातो आणि भोवतीपेक्षा फार तापलेला चौकोन दिसला की खूण करतो. चौकोन ३७५ मीटरचा. म्हणजे आग नेमकी कुठं, तर या पावणेचारशे मीटरात कुठंतरी. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून तो ठिपका वनरक्षकाच्या फोनवर येतो. उपयोग होतो का? होतो. पण जी आग दुपारी तीनला लागून संध्याकाळी सातला विझली ती या यंत्राच्या लेखी लागलीच नाही.

पाटणच्या वर, रस्त्यावरून दिसणाऱ्या डोंगरात असाच एक ठिपका आला होता, अभयारण्याच्या हद्दीच्या बुरुजाला अगदी चिकटून. तिथला वनरक्षक मोटारसायकलवर निघालाच होता, आम्हीही मागं गेलो. वर एक आजी हातात निरगुडीचा फोक घेऊन उभी. भाताचा तरवा, म्हणजे रोपं करायची जागा, भाजत होती. जमिनीवर शेण, वर पालापाचोळा, वर माती, आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवलेलं. ही पेटवण्यातली अक्कल कुठल्याही वणवा-पुस्तिकेत घालावी अशी. वनरक्षकानं आवाज चढवायचा म्हणून चढवला. आजी म्हणाली, “आभाळातनं बगणाऱ्याला सांग, मी हिकडंच हाय, इझल्याबिगार जात न्हाई.” त्यानं फोनवर ठिपक्यापुढं ‘शेतीची आग’ लिहिलं. आम्हाला ताक मिळालं.

कोयनानगरला पोचेपर्यंत अंधार. विश्रामगृहाच्या खानसाम्याच्या वडिलांनी जेवताना ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप सांगितला. इथं मुक्कामाला आलं की तो कुणी ना कुणी सांगतंच, आणि ऐकणाऱ्यानं प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायचं असतं.

चौथा दिवस : नवजा

आजचा दिवस माझ्या पोटात गोळा आणणारा होता. जानेवारी आणि मार्चची प्रतिमा शेजारी ठेवून आम्ही ‘बदल’ काढला होता आणि नवजाच्या वरच्या अंगाला एक मोठा डाग आला होता : ‘घट’. आकडा एका अधिकाऱ्याच्या टेबलावर जाऊनही आला होता आणि तिथून खाली, बीटवरच्या वनरक्षकाला नोटीसवजा विचारणा. तोड झाली का? तुम्ही काय करत होतात?

तो वनरक्षक आज आमच्यासोबत होता. पेढे घेतले नाहीत त्यानं.

चढून गेलो. डाग जिथं सुरू होतो तिथं उभं राहिलो. एकही बुंधा तोडलेला नाही. कुऱ्हाडीचा घाव नाही, बैलगाडीची चाकोरी नाही, लाकडाचा भुसा नाही. फक्त पोटरीपर्यंत पाचोळा, आणि वर ऐन, किंजळ, नाणा, सगळे उघडे. कुंभ्याची म्हातारी पानं लालबुंद होऊन शेवटची टिकून. एका सावरीला पान औषधालाही नाही, नुसती फुलं, आणि त्यांत साळुंक्यांचा गोंगाट.

इथले वनमजूर मामा हसायलाच लागले. “पानं न्हाईत म्हंजी झाड मेलं व्हय? शिमग्याला झाडं उघडीच असत्यात की.”

हिशोब असा असतो. पान जिवंत असलं की तांबडा प्रकाश गिळतं आणि अवरक्त परत पाठवतं. अवरक्तातून तांबडा वजा करायचा, त्या दोघांच्या बेरजेनं भागायचं. उणे एक ते अधिक एकमध्ये आकडा येतो, त्याला एनडीव्हीआय म्हणतात. जानेवारीत या झाडांवर पानं होती, आकडा वर. मार्चमध्ये पानं खाली, आकडा खाली. सॉफ्टवेअरनं बिचाऱ्यानं खरंच सांगितलं : हिरवं घटलं. ‘जंगल घटलं’ हे आम्ही लिहिलं. तुलना करायची तर या मार्चची गेल्या मार्चशी. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. मला माहीत नव्हतं असं नाही. गेल्या मार्चची प्रतिमा धुरकट होती, अहवालाची तारीख उद्यावर आली होती, आणि जानेवारीची काचेसारखी स्वच्छ होती. बस, एवढंच.

मी वनरक्षकाला तिथंच माफी मागितली. तो म्हणाला, “म्याडम, तुमी लिहून द्या, माफी नको.” खाली येऊन पहिलं काम ते केलं.

कारवीचंही असंच. ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, अख्खा डोंगर निळा करते, बी टाकते आणि एकजात मरते. पुढच्या उन्हाळ्यात त्या उतारावर वाळलेल्या काठ्या. प्रतिमेत बघणाऱ्याला वाटावं की कुणी डोंगरच साफ केला. आणि याच्या नेमकं उलट, परवा रस्त्याकडेला पाहिलेली ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड : मार्चमध्येही हिरवीगार, दाट, खाली गवताची काडी नाही, पाखराचा आवाज नाही. आकडा झकास. आमच्या नकाशात ती ऐन-किंजळाच्या रानापेक्षा वरच्या वर्गात बसली होती.

दुपारी ओढ्याकाठी भाकऱ्या सोडल्या. मामांचा भाचा आला होता, पाटणला बी.एस्सी.ला आहे. टॅब हातात घेऊन त्यानं लगेच झूम करून स्वतःचं घर शोधलं (सगळेच शोधतात, मीही शोधलं होतं) आणि विचारलं, “ताई, ह्यात नोकरी लागते का?”

लागते, म्हणाले. नागपूरला राज्याचं सुदूर संवेदन केंद्र आहे, हैदराबादला इस्रोचं एनआरएससी, देहरादूनला वन सर्वेक्षण, शिवाय खासगी कंपन्या. पण कायम जागा कमी, करार जास्त. भूगोल, वनस्पतिशास्त्र, संगणक, कशातूनही येता येतं, पुढं जिओइन्फॉर्मेटिक्स, म्हणजे संगणकावरचं नकाशांचं शास्त्र, करायचं. देहरादूनची आयआयआरएस ही संस्था १९६६ पासून हे शिकवतेय आणि आता तिचे ऑनलाइन वर्ग फुकट आहेत. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांच्या १९७२ पासूनच्या प्रतिमा २००८ पासून फुकट, युरोपच्या सेंटिनेलच्या फुकट, इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ आहेच. आमच्या शिक्षकांच्या पिढीला एकेक प्रतिमा पैसे मोजून घ्यावी लागायची; १९८८ ला आयआरएस-१ए गेला तेव्हा या कामाला नियमित वापरता येणारा आपला स्वतःचा असा पहिला उपग्रह झाला.

“पण पेपरात तर येतं, जंगल वाढलं म्हणून?”

पोरगं हुशार आहे. त्याला व्याख्या सांगितली : एक हेक्टर किंवा जास्त जागा, आणि तिच्यावर दहा टक्के किंवा जास्त छत, की सरकारी अहवालात ते वनाच्छादन. जमीन कुणाची, झाड कुठलं, हे त्यात बघत नाहीत. आमराई, नारळाची बाग, तीही त्यात धरतात. त्यामुळं आकडा खोटा नसतो. तो तू समजतोस त्याचा नसतो.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “झाडांची नावं मला येत न्हाईत, मामालाच येत्यात.” मामा ओढ्यात हात धूत होते. माझ्या तक्त्यात एक रकाना आहे, ‘निरीक्षक’. चार दिवसांत त्यात सत्त्याऐंशी ओळी भरल्या होत्या. प्रत्येक ओळीतलं झाडाचं नाव बामणोलीच्या किंवा नवजाच्या मामांच्या तोंडचं, आणि प्रत्येक ओळीत निरीक्षक म्हणून नाव माझं. त्या रात्री बसून ते बदललं. दोन्ही मामांना विचारून, कारण कागदावर नाव म्हटलं की माणसं आधी घाबरतात.

पाचवा दिवस : कोयनानगर – कऱ्हाड – मणदूर – झोळंबी

पहाटे चारला निघालो. कऱ्हाड, उंडाळे, कोकरूड, आरळा करत शिराळ्याच्या पश्चिम टोकाला. सांगली जिल्हा म्हटलं की द्राक्षं आणि हळद आठवणाऱ्याला हा कोपरा दाखवायला हवा. वारणेवरचं ३४.४० टीएमसीचं धरण, आणि त्याच्या वर ३१७ चौरस किलोमीटरचं चांदोली राष्ट्रीय उद्यान, २००४ सालचं.

झोळंबीचा सडा. ‘सडा’ हा शब्द इथला. कातळाचं उघडं पठार म्हणजे सडा, मग ते केवढंही असो. सपाट, तापलेला, जांभ्याचा. मध्ये एका खळग्यात थोडं पाणी आणि त्याच्याभोवती चिखलात गव्यांचे खूर, इतके ताजे की कडा अजून ओलसर होत्या. पलीकडं गवताच्या कडेला खुद्द सात गवे. त्यांतल्या मोठ्या गव्यानं मान वर करून आमच्याकडं बघितलं, आणि आपल्याला काही काम आहे असं दाखवत हळूच रानात शिरला. बाकीचे त्याच्या मागं. इथला वनरक्षक म्हणाला की सड्यावर पहिला पाऊस पडला की चौथ्या-पाचव्या दिवशी कोवळं गवत येतं आणि त्यावर गवे, सांबर सगळं उतरतं. वाघ इथं टिकवायचा तर आधी त्याचं भक्ष्य टिकायला हवं, आणि ते या ‘ओसाड, खडकाळ’ जागेवर चरतंय.

संध्याकाळी मणदूरला खोलीवर टॅबमधली माहिती लॅपटॉपवर घेतली. आमच्या वर्गांच्या यादीत पाणी आहे, शेती आहे, अतिदाट, मध्यम, खुलं, झुडपी, ओसाड. सडा नाही. नवा रकाना घालायचा ठरवलं. ज्यांना नकाशा द्यायचा ते शेपफाइलच मागतात, आणि शेपफाइल हा नकाशा साठवायच्या फाइलचा प्रकार तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा; रकान्याच्या नावाला त्यात दहा बाइट जागा. इंग्रजीत दहा अक्षरं बसतात. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं.

“देवराई टाकून बघू?” यवतमाळकर म्हणाला. टाकलं. ‘देव’च्या पुढं तुटलं.

मग मी सडा टाकलं. स, ड, काना. तीन त्रिक नऊ.

“बसलं ना बे,” तो म्हणाला, आणि मी एंटर दाबलं. मग दोघांनी मिळून कासच्या पहिल्या ठिपक्यापासून सुरुवात केली. शेजारी आणखी एक रकाना घातला, ‘माह’, कारण ‘महिना’ बसत नव्हता. दहा वाजता लाइट गेली तेव्हा एकोणीस ओळी झाल्या होत्या.